फुंकर मास्तरांची शिंक

फुंकर मास्तर सॅक्सोफोन वाजवायचे आणि शिकवायचे. वाजवायचे बंदराजवळच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी, जॅझ बँडच्या मागच्या रांगेत. शिकवायचे गाद्यांच्या दुकानावरच्या खोलीत. दुखऱ्या जागेवर फुंकर घालावी तसं ते हळुवार वाजवत, म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. ते बँडमध्ये आहेत हे लोकांना कळलं असतं ते नसते त्या दिवशी. आणि ते कधी गैरहजर राहिलेच नव्हते.

घरी त्यांची थोरली बहीण होती. ताई दातांची डॉक्टर. सॅक्सोफोन धरल्यापासून भावाच्या पुढच्या दातांचं वाटोळं झालं, असं तिचं ठाम मत होतं. गाणंबजावणं तिला कळत नसे आणि त्याचं तिला काही वाटतही नसे.

एका रविवारी बँडच्या मुख्य सॅक्सोफोनवाल्याने जांभई दिली आणि त्याचा जबडा उघडा तो उघडाच राहिला. त्याला ताईच्या खुर्चीत नेऊन बसवलं आणि मास्तरांना पुढे उभं केलं. नेमकं त्याच दिवशी रेकॉर्डिंग होतं. सकाळी गाद्यांच्या दुकानात कापूस पिंजत होते, आणि त्यातला बराचसा मास्तरांच्या नाकात बसला होता.

त्यांनी सुरुवात तर झकास केली. लोक खुर्चीत जरा सावरून बसले. आणि तान वर चढत असताना, सॅक्सोफोन तोंडात असतानाच, मास्तर शिंकले.

हत्ती जिन्यावरून घसरावा आणि खाली पोचेपर्यंत त्याला आपलं बालपण आठवावं, तसा तो आवाज होता. ड्रमवाल्याचे हात हवेत राहिले. मग सगळा हॉल उभा राहिला आणि टाळ्या थांबेचनात.

"मास्तर, इतकी वर्षं हे कुठं लपवून ठेवलं होतंत?" हॉलचा मॅनेजर गहिवरून म्हणाला.

"नाकात," मास्तर म्हणाले. "शिंक होती हो ती."

"बघा!" मॅनेजर बाकीच्यांना म्हणाला. "मोठी माणसं ही अशी असतात."

पेपरात छापून आलं की त्या एका स्वरात माणसाच्या एकटेपणाला दार फुटलं. रेकॉर्ड धडाक्यात खपली. मास्तरांनी भेटेल त्याला खरं सांगून पाहिलं, पण जितकं खरं सांगत तितका त्यांचा विनय गाजत गेला.

ताई म्हणाली, "काही बिनसलं की आपण माशी शिंकली म्हणतो. इथं तू शिंकलास आणि सगळं जमून आलं. आता निस्तर."

गाद्यांच्या दुकानाच्या जिन्यावर विद्यार्थ्यांची रांग लागली. मास्तर सांगायचे, "आधी एकच स्वर. लांब, न थरथरता." विद्यार्थी माना डोलवायचे आणि खिशातून मिरपूड काढायचे. कुणी खिडकीतून उन्हाकडे टक लावून बसे, कुणी खालच्या उशीतलं पीस उपसून आणी. पुढे संगीत विद्यालयाने शिंक हा विषयच सुरू केला. कोरडी पहिल्या वर्षाला, ओली दुसऱ्या वर्षाला. परीक्षक अर्थात मास्तर. ते छत्री उघडून बसत आणि सगळ्यांना पास करत.

फक्त एक बाई वेगळ्या होत्या. त्या गोदीत क्रेन चालवायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मला तो लांब स्वर तेवढा शिकवाल का? शिंका मला घरी येतात."

मास्तरांना त्यांना मिठी मारावीशी वाटली. त्यांनी लगेच शिकवायला घेतलं.

पण रविवार काही सुटेना. लोक शिंक ऐकायला येत आणि शिंक येत नसे. मॅनेजरने स्टेजवर पंखे लावले, पडदे मुद्दाम झटकले, नाकाचा डॉक्टर आणला. डॉक्टरने बॅटरी लावून पाहिलं आणि म्हणाला, "असं निरोगी नाक मी आजवर पाहिलं नाही." मॅनेजर मटकन खाली बसला.

एका रविवारी मास्तरांना असं काही सुचत गेलं की ते स्वतःच चकित झाले. जुनी एक संथ चाल होती. तिच्यात त्यांना वाटा सापडत गेल्या, एकीतून दुसरी. डोळे उघडले तेव्हा सगळा हॉल पुढे झुकून त्यांच्या नाकपुड्यांकडे बघत होता.

घरी येऊन ते खुर्चीत बसून राहिले. ताईने विचारलं, "काय रे? दात पडला का?"

"ताई, आज वाजवलं तसं मी जन्मात वाजवलं नव्हतं."

"मग?"

"लोक नाकाकडे बघत होते गं."

ताईने दिवा जवळ ओढला. मग म्हणाली, "आ कर." तिने त्यांचे दात एकेक करून तपासले, फार वेळ लावून, गरज नसताना. समजूत काढायची तिला एवढी एकच रीत ठाऊक होती.

पुढच्या रविवारी मास्तर तीच संथ चाल वाजवत असताना दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ शिंकले. विमा कचेरीत कारकून होते, चुकून भलत्याच हॉलमध्ये शिरले होते. पण शिंक म्हणजे काय! वाद्याची गरजच नाही. गॅलरीतल्या लोकांनी टोप्या उडवल्या. मॅनेजरने धावत जाऊन त्यांना स्टेजवर आणलं आणि त्याच संध्याकाळी नोकरीवर ठेवलं.

लोकांनी त्यांचं नाव शिंकोबा ठेवलं. काम एवढंच, की मास्तरांच्या शेजारी खुर्चीवर बसायचं आणि आली की शिंकायचं. विद्यार्थी झाडून सगळे त्यांच्याकडे गेले. विद्यालयाने छत्रीही त्यांनाच दिली. क्रेनवाल्या बाई तेवढ्या राहिल्या. मास्तरांचं नाव पोस्टरवर खाली सरकत सरकत छापखान्याच्या नावाखाली गेलं, आणि ते पुन्हा निवांत वाजवू लागले. आता कुणी त्यांच्या नाकाकडे बघत नव्हतं. सगळे शिंकोबांच्या नाकाकडे बघत होते.

शिंकोबा मात्र बसून काय करणार? शिंक येईपर्यंत कामच नाही. म्हणून ते ऐकू लागले. पहिले काही रविवार त्यांनी चोख शिंक दिली. मग एकदा जरा उशिरा दिली. मग एकदा कार्यक्रम संपून लोक उठले तरी ते मान कलती करून तसेच बसलेले, डोळ्यांत पाणी.

मॅनेजर स्टेजवर चढला. "अहो, शिंक कुठंय?"

"आली होती," शिंकोबा ओशाळून म्हणाले. "अगदी टोकापर्यंत आली होती. पण यांचं वाजवणं चाललं होतं. मध्येच कसं शिंकायचं हो?"

मॅनेजरने त्यांना तिथल्या तिथे काढून टाकलं. पगारी शिंकेवर वाईट परिणाम करता म्हणून मास्तरांनाही काढलं. मुख्य सॅक्सोफोनवाल्याचा जबडा एव्हाना मिटला होता, त्यामुळे बँडचं अडलं नाही.

दोघं सामान घेऊन बाहेर आले. हॉलच्या दारात मास्तर बराच वेळ घुटमळले, कारण शिंकोबा म्हणाले तसं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "उद्या मोकळे आहात? त्या संथ चालीत मधे एक जागा आहे. आज घाईत राहिली."

"आता मोकळाच की," शिंकोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते मास्तरांच्या खोलीवर आले. क्रेनवाल्या बाईंचा लांब स्वर चालला होता, आता तो जराही थरथरत नव्हता. शिंकोबा दाराशीच थांबले, स्वर संपेपर्यंत उभे राहिले, आणि मग चपला काढून आत आले.