एका घराच्या दोन चिठ्ठ्या

आमच्या यहुदी लोकांना घेऊन चालताना वाळवंटात मोशे वैतागला. एवढी माणसं मी एकट्याने कशी सांभाळू, असं त्याने देवाला तोंडावर विचारलं. देव म्हणाला, सत्तर वडील, म्हणजे जाणते पंच, निवड, ते ओझं वाटून घेतील. पण बारा वंशांतून सहा-सहा घेतले तर होतात बहात्तर. दोघांना कोणत्या तोंडाने परत पाठवायचं? म्हणून, आमचे जुने लोक सांगतात, त्याने चिठ्ठ्या केल्या. सत्तरांवर ‘वडील’ लिहिलं, दोन कोऱ्या ठेवल्या.

मोशेचं भागलं. आमच्या मागे मात्र ते कायमचं लागलं.

आमच्या प्रार्थनालयाची चार घराणी. दरवर्षी प्रत्येकातले दोघे चिठ्ठी उचलतात. खुर्च्या सात, म्हणून एक चिठ्ठी कोरी. वडील झालेल्याने वर्षभर गाव सोडायचं नाही, कारण एक जरी गैरहजर असला तरी साधा नळ बदलायचं ठरत नाही. आमच्या घराण्यात पुरुष उरलोय मी एकटा. घराण्यावर अन्याय नको म्हणून मी दोनदा हात घालतो. एक कोरी निघाली तरी दुसरी ‘वडील’ असतेच! दोन्ही ‘वडील’ निघाल्या की मला दोन मतं, आणि मग मी स्वतःशीच भांडत बसतो. कित्येक वर्षं असाच अडकलोय.

यंदा लेकीचे दिवस भरत आले होते. परगावी ती आणि जावई, दोघंच. रोज फोन यायचा. बायकोचा जीव तिकडे, पण माझ्या छातीत दोनदा दुखून गेलेलं, त्यामुळे मला एकट्याला टाकून ती हलायला तयार नव्हती.

"तुम्ही सुटलात की त्याच दिवशी निघू," ती म्हणायची. बॅग भरलेलीच होती.

चिठ्ठ्यांच्या दिवशी मी चष्म्याचं दुकान लवकर बंद केलं, बायकोला सोबत घेतलं आणि सभेत म्हणालो, "दुसरी चिठ्ठी ही उचलेल. घराणं तिचंही आहे."

"बायका कधी बसल्यात खुर्चीवर?" खाटीककाका गुरगुरले.

"आणि मी एकटा दोन माणसं कधीपासून झालो?"

आमच्या धर्मगुरूंनी, रब्बींनी, दाढी खाजवली आणि मान डोलावली.

माझी चिठ्ठी कोरी निघाली. मी अक्षरशः ओरडलो. मग बायकोने तिची उघडली. काचा घासून लोकांची नजर सुधारणारा मी, आणि मला एवढं दिसलं नव्हतं की कोरी एकच होती.

"वहिनी, नको असेल तर सांगा," रब्बी हळूच म्हणाले. "घराण्याची जागा यंदा रिकामी राहील, एवढंच."

"तीस वर्षं बाहेर बसून तुमची भांडणं ऐकली," ती म्हणाली. "एकदा तरी आत बसू द्या."

तिचे डोळे भरून आले होते, पण चिठ्ठी तिने खाली ठेवली नाही. मला तिचा अभिमान वाटला आणि भयंकर रागही आला. मी बाहेर ओट्यावर आलो. फोन वाजला.

"बाबा, सुटलात?"

"सुटलो गं."

"हुश्श! मग आईला लवकर पाठवा. मला फार भीती वाटतेय."