ओली असता अतिशय चिकट

मोठ्या आईच्या घराची मागची भिंत बारा वर्षांत इतकी आत झुकली होती, की तिच्यावरचं कॅलेंडर भिंतीला न टेकता चार बोटं लांब लोंबकळायचं. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग थेट छतापर्यंत पोचलेली. कोरड्या महिन्यांत त्या भेगेत हात जायचा आणि ओल धरली की तीच भेग काही झालंच नाही अशी मिटून बसायची. दारांचं तेच. उन्हं तापली की आपोआप उघडायची, पाऊस झाला की खांदा दिल्याशिवाय हलायची नाहीत. त्या सपाट माळावर थोड्याफार फरकानं सगळ्यांचीच घरं अशी. पण मोठ्या आईला दुसऱ्यांच्या घरांशी कर्तव्य नव्हतं. तिच्या भेगेचं कारण तिला ठाऊक होतं आणि ते कारण तीन गल्ल्या सोडून राहत होतं.

तो तिचा धाकटा दीर, हाडाचा गवंडी. हे घर त्यानंच बांधलं. पहिल्याच वर्षी भिंत तडकली, तेव्हा मोठ्या आईनं भर गल्लीत उभं राहून सांगितलं, की यानं माझ्या भिंतीतलं सिमेंट खाल्लं. दीरही तिचाच दीर. भिंत ओळीत आहे का ते पाहायला दोरीला बांधून सोडतात तो पितळी ओळंबा, त्याच्या उस्तादानं हातात ठेवलेला, याच घराचं काम चालू असताना गेला होता. तो म्हणाला, सिमेंटचं राहू द्या, माझा ओळंबा वहिनींनी दाबलाय तो आधी काढा. झालं. त्या दिवसापासून दोघांत शब्द नाही. कुठे कार्यात समोरासमोर आलेच तर मोठी आई खांबाशी बोलायची आणि दीर छताशी.

आता मात्र गळ्याशी आलं होतं. सून सातव्या महिन्यात होती, मुलगा कामानिमित्त परगावी, आणि नगरपालिकेचं पत्र आलं होतं की भिंत महिन्याभरात दुरुस्त करा, नाहीतर घर रिकामं करा. दुरुस्तीला गवंडी मिळेना. गावात दिराशिवाय चार गवंडी होते आणि चौघांनीही हात जोडले. जिनं सख्ख्या दिराला गल्लीत चोर ठरवलं, ती आपलं काय करेल, असं ते आपसात बोलायचे. मोठ्या आईच्या तोंडावर बोलायची त्यांची छाती नव्हती.

सून शहाणी होती, म्हणजे कमी बोलायची. पण त्या दिवशी पोट सावरत खाटेवर बसता बसता म्हणाली, "आई, काकांना बोलवा. तो एक शब्द तेवढा मागे घ्या."

"शब्द म्हणजे काय दुकानातली पिशवी आहे, फाटकी निघाली म्हणून परत करायला?"

सुनेनं कॅलेंडरकडे पाहिलं आणि कुशीवर वळून डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी पालिकेनं माती तपासणारा माणूस पाठवला. किडकिडीत, चष्म्याला दोरी, आणि बोलणं इतकं हळू की ऐकणाऱ्याला आपणच बहिरे वाटावं. त्यानं भिंतीमागे मजुरांकडून पुरुषभर खड्डा खणून घेतला, मजुरांना पाठवून दिलं आणि स्वतः आत उतरून बसला. मोठी आई काठावर उभी. तिच्या जागेत कुणी खड्डा खणणार आणि ती घरात बसणार, असं कधी झालं नव्हतं.

त्यानं मातीचा गोळा घेतला, थेंब थेंब पाणी घालून मळला, मग अंगठा आणि बोट यांच्यात दाबत त्याची लांब पट्टी काढू लागला. पट्टी किती लांब जाते त्यावरून माती किती चिकण ते कळतं म्हणे. त्याची बोटभर गेली आणि तुटली. मोठ्या आईनं चुकचुक केली. पाणी कमी, वर मळताय असं की जणू तिला दुखेल, म्हणाली आणि गोळा त्याच्याकडून मागून घेतला. तिनं काढलेली पट्टी वीतभर लोंबत राहिली. त्यानं टेप लावली, चष्मा पुसला, परत टेप लावली. त्याच्या तक्त्यात एवढा आकडाच नव्हता.

मग त्यानं विचारलं, न्हाणीचं पाणी कुठे जातं. भिंतीलगतच्या फुलझाडांना, तिनं सांगितलं. आणि वरून पाणी कोण घालतं? मी, सकाळ-संध्याकाळ चार चार बादल्या, ती ताठ मानेनं म्हणाली. त्यानं काहीतरी लिहून घेतलं. ते लिहिणं तिला मुळीच आवडलं नाही.

दुपारी तो कोपऱ्यावरच्या नळाला हात धुवायला गेला. माती हातांची सुटेना म्हणून वेळ लागला. सून आत झोपलेली. मोठी आई पायरीवर आली तर तिथे त्याचा कागद पडलेला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर वजन ठेवलेलं. वजन मातीनं लडबडलेलं होतं. तिनं पदरानं पुसलं तसं पितळ चमकलं, आणि बुडाशी कोरलेली फुली दिसली. दिराच्या हत्यारांवर असायची तशीच.

ओळंबा. बारा वर्षं जो म्हणे तिनं दाबला होता, तो.

तिनं कागद उचलला. चौथीत शाळा सुटलेली, तरी अक्षराला बोट लावून ती वाचायची आणि एकदा वाचलेलं सोडायची नाही. वरच्या ओळीत तिचं स्वतःचं नाव होतं, नवऱ्याच्या नावासकट. त्याच्या खाली:

काळसर. जड. ओली असता अतिशय चिकट. कोरडी असता अत्यंत कठीण. घातलेले आत मुरण्यास फार वेळ. वरचेवर फुगते, मग आकसते, त्यामुळे लगतच्या भिंतींना त्रास. भेगा रुंद व खोल, दरवर्षी उघडणाऱ्या. वरचे खाली व खालचे वर करणारी. हलके काम करून भागणार नाही.

तिनं दोनदा वाचलं. काळसर, ठीक आहे, ती काही लपवण्यासारखी गोष्ट नव्हती. जड, तेही तराजू सांगेल. पण ओली असता चिकट, म्हणजे न्हाताना? न्हाताना ती चिकट असते की नाही, हे या चष्मेवाल्याला कुणी सांगितलं? घरात हे सगळं ओळखणारा एकच माणूस होता, जो येऊन बसून लिहवून गेला, आणि खूण म्हणून चोरीचा आळ घेतलेला ओळंबा कागदावर ठेवून गेला. बारा वर्षं त्याच्याचकडे होता तर.

मोठ्या आईनं चपला घातल्या. उजवी डाव्या पायात गेली, तरी थांबली नाही. तीन गल्ल्या तिनं एका दमात पार केल्या.

दीर अंगणात बसून थापीला मूठ बसवत होता. वहिनी येताना दिसली तसा तो सवयीनं छताकडे पाहायला गेला, पण अंगणाला छत नव्हतं. मग त्याची नजर तिच्या मुठीवर पडली आणि तो उभाच राहिला.

"म्हणजे तुमच्याकडेच होता," तो म्हणाला.

"माझ्याकडे? माझ्या पायरीवर ठेवून आलात आणि वर मलाच? आणि हे वाचा. भेगा रुंद आणि खोल. लाज नाही वाटली सख्ख्या भावजयीबद्दल असं लिहवायला?"

दिरानं कागद घेतला. तो वाचत गेला तसा त्याचा चेहरा आधी गोंधळला, मग गंभीर झाला. शेवटी तो जपून म्हणाला, "वहिनी, मी हे लिहवलेलं नाही. पण ज्यानं लिहिलंय त्यानं चुकीचं एकही अक्षर लिहिलेलं नाही."

गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडत होत्या. पुढचं काय झालं असतं सांगता येत नाही, पण तेवढ्यात चष्मेवाला धापा टाकत आला, कोपरापर्यंत माती तशीच. त्यानं कागद मागितला आणि दोघांचे चेहरे पाहून घाईघाईनं सांगितलं, की वर मालकाचं नाव असतं आणि खाली मातीचे गुण.

"मातीचे," मोठी आई म्हणाली.

मातीचे. ही चिकण माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसून फाटते. भेगा छातीएवढ्या खोल जातात, वर पडलेलं त्यात उतरतं, मग भेग मिटते आणि माती गिळून बसते. म्हणून तर खड्ड्यात छातीच्या खोलीवर हे पितळेचं वजन निघालं, कुणाचं आहे ते विचारायचंच राहिलं, कागद उडत होता म्हणून वर ठेवलं. भिंतीचंही तसंच. एका बाजूला रोज आठ बादल्या पाणी, दुसऱ्या बाजूला कोरडं. एक बाजू वर येते, एक खाली बसते. सिमेंट चांगलं आहे, त्यानं टोचून पाहिलं. पाया तेवढा गुडघाभरच निघाला. भेगा जातात त्याच्याही खाली न्यायला हवा होता.

दीर हळूच म्हणाला, की छातीहून खोल न्यायचं मी म्हटलं होतं. विहीर खणताय का, असं मला कुणीतरी विचारलं होतं. हे तो अंगणातल्या बादलीला उद्देशून म्हणाला.

 मोठ्या आईनं खिडक्यांकडे पाहिलं. खिडक्यांत सगळी गल्ली होती, आणि चोर हा शब्दही तिनं गल्लीसमोरच उच्चारला होता. घरी सून कुशीवर झोपली असेल आणि भिंत तिच्यावर झुकलेली असेल.

ती वळली, आणि खिडक्यांतल्या बायकांना भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "माझ्या भिंतीत सिमेंट पुरतं आहे. सरकारी माणसानं टोचून पाहिलंय. ज्यांनी बारा वर्षं ऐकलं त्यांनी हेही ऐका."

मग ओळंबा दिराच्या हातावर ठेवला. "आणि भावजी, माझ्या घरी पडलेलं मी दाबत नाही. माझी माती दाबते."

"चुकलं माझं, वहिनी," तो म्हणाला. त्याला ते सोपं गेलं, म्हणून मोठ्या आईला थोडा रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर माणसं घेऊन आला. भिंतीला टेकू लावून, हात-हातभराच्या तुकड्यांत, तिच्या बुडाखाली नवा पाया उतरवायचा होता. फुलझाडं समोरच्या कुंपणाकडे गेली, न्हाणीच्या पाण्याला लांब नळी लागली. सून अंगणात खुर्ची टाकून बसली. त्या कागदाची नक्कल मोठ्या आईनं मागून घेतली आणि स्वयंपाकघरात लावली. कोरडी असता अत्यंत कठीण, या ओळीखाली तिनं कोळशानं रेघ ओढली होती.

पहिला तुकडा छातीहून खोल उतरला. चष्मेवाल्यानं सांगितलेली खोली आली, तसा दीर वर यायला लागला.

"आणखी हातभर," काठावरून मोठी आई म्हणाली.

दिरानं वर पाहिलं. "वहिनी, विहीर खणायची आहे का?"

"पाणी लागलं तर झाडांना घालू," ती म्हणाली. "कुंपणाकडच्या."