चारपर्यंत

"सोडा. एक... दोन... तीन... चार..."

पाच म्हणायच्या आत मागच्या रांगेतून आवाज आला. आधी बारीक शिट्टी, मग छातीत काहीतरी खरवडल्यासारखी घरघर आणि शेवटी दातांमधून हवा आत ओढल्याची लांब स्स्स्. कमलताईंचे डोळे मिटलेले होते. ते उघडायची गरज नव्हती. सगळ्यांनी डोळे उघडून आपल्याकडे पाहिलंय, हे त्यांना तसंच कळलं.

"पाच... सहा," त्यांनी मोजणी पुरी केली.

लालबागच्या जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या बावीस मजली इमारतीच्या तळमजल्यावर, सोसायटीच्या हॉलमध्ये, हा योगवर्ग सात वर्षं चालला होता. वेळ सकाळी सहा ते सात. शिक्षक असा कोणी नव्हता. कमलताई मोजायच्या आणि पंचवीस-सव्वीस जण त्या मोजणीवर श्वास घ्यायचे, सोडायचे. एका इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं बसून त्यांचा आवाज असा झाला होता, की तो चढत नसे आणि पडत नसे. कानही तसाच. फोन उचलला की समोरचा माणूस बोलण्याआधी श्वास घेतो. त्या एका श्वासावरून त्या ओळखायच्या, याला चौकशी खिडकी जोडून द्यायची की शवागार.

दाराशी चार्टपेपरवर त्यांच्याच अक्षरात नियम लावलेले होते. पाच मिनिटं आधी यावे. रिकाम्या पोटी यावे. मोबाइल बंद. अत्तर लावू नये. श्वास नाकानेच. शेवटची ओळ नंतर घातलेली, निळ्या स्केचपेनने: ज्यांच्या श्वासाचा आवाज होतो त्यांनी दाराबाहेर बसावे.

"ताई, ते नवीन काका," वर्ग सुटल्यावर आकांक्षा मॅट गुंडाळत म्हणाली. ती बँकेत होती आणि वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप तीच चालवायची. "तीन दिवस झाले. माझा ना, फोकसच लागत नाही."

नवीन काका म्हणजे रामू परब. वरळीच्या बीडीडी चाळीतली त्यांची इमारत पाडायला घेतली, म्हणून इथे नवव्या मजल्यावर मुलाकडे राहायला आलेले.

"गिरणीतला माणूस आहे गं. छाती गेलीय त्यांची."

"हो, पण मग घरी करावं ना. मी काही वाईट नाही बोलत हां."

"बघू दोन-चार दिवस."

आकांक्षाचे हात थांबले. "ताई, तुम्ही असं बोलताय? तुम्ही तर धोंडूकाकांनापण सोडलं नव्हतं. मी सगळ्यांना तुमचं एक्झाम्पल देते. स्वतःच्या मिस्टरांना बाहेर बसवलं, पण रूल मोडला नाही."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरा आदर होता.

धोंडू राणे गिरणीच्या साळखात्यात, विणकामाला, चार साचे म्हणजे माग चालवायचे. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी भरली की त्याच्या बारीक भोकातून धागा बाहेर काढायला हात चालत नाहीत. भोकाला ओठ लावून झटक्यात श्वास ओढायचा, की धागा तोंडात येतो. धाग्याबरोबर कापसाची पूडही येते. पाळीत शेकडो वेळा असं करून त्यांचा श्वासच तसा झाला होता. गिरणी बंद पडली, नंतरची वॉचमनची नोकरीही संपली, पण श्वास दातांतूनच ओढला जायचा. घरात त्या आवाजाची इतकी सवय, की तो थांबला तरच कमलताईंना जाग यायची.

वर्गात त्यांनीच आणलं होतं नवऱ्याला, छातीला बरं पडेल म्हणून. चौथ्या दिवशी, सगळे शवासनात पडलेले असताना मधूनच कोणीतरी म्हणालं, "कोणाचा कुकर लागलाय रे? तीन शिट्ट्या झाल्या, बंद करा." हॉल खदखदून हसला. धोंडूही हसले. कमलताईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"अहो, जरा तोंड मिटून घ्या ना," घरी आल्यावर त्या म्हणाल्या.

"मिटलंय तर नाकातसून जाणा नाय गे. तू चारच मोज. सहापर्यंत माझो श्वास पोचणा नाय."

"तुमच्या एकट्यासाठी सगळ्यांचं बदलू? लोक म्हणतील, घरच्या माणसाला सवलत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उभं राहून नवा नियम वाचून दाखवला. नाव घेतलं नाही. बोर्डावर बोलायच्या तशा सरळ आवाजात, भिंतीकडे बघून. धोंडूंनी चटई गुंडाळली.

"बरं, कमलताई," ते म्हणाले.

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. त्यांनी बायकोला कधी नावाने हाक मारली नव्हती. मारली ती ही एवढीच.

पण ते यायचे थांबले नाहीत. रोज खाली यायचे, बंद दाराबाहेर पायरीवर बसायचे. आतून मोजणी ऐकू येईल तसा श्वास घ्यायचे, आणि दम लागला की उठून सगळ्यांच्या चपला जोडीने लावायचे. कमलताईंची जोडी पहिल्या पायरीवर, तोंड बाहेरच्या बाजूला, पाय सरळ आत जावेत अशी. "काका, भारी सर्व्हिस आहे तुमची," लोक म्हणायचे. दोन वर्षं हे चाललं. गेल्या भाद्रपदात ते इस्पितळात गेले, कमलताईंनी जिथे नोकरी केली त्याच. नऊ दिवस ऑक्सिजनवर होते, घरी परत आले नाहीत. वॉर्डात चाळीस खाटा होत्या. आवाजाबद्दल कोणीच काही बोललं नाही.

आकांक्षा बोलली त्या दिवशी संध्याकाळभर कमलताईंनी मनात वाक्य जुळवलं. 'रामूभाऊ आतच बसतील. नियम मी केला होता, मीच काढते.' ओट्याशी उभं राहून त्यांनी ते दोनदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं. आवाज सरळ लागला.

सकाळी त्या खाली आल्या तेव्हा रामूभाऊ पायरीवर बसलेले होते. बरोबर तिथेच. गुंडाळलेली चटई मांडीवर.

"रामूभाऊ, इथे काय बसलात? आत चला."

"नको ताईनू. तुमच्या त्या बँकेतल्या बाईन काल ग्रुपार तो नियमांचो कागद टाकल्यान. सुनेन वाचून दाखवल्यान. म्हणाली, बाबा, लोकांक तरास नको, माका उद्या लिफ्टमधी तोंड दाखवूचा आसा." त्यांनी दातांतून श्वास ओढला. "आणि आमका काय, गिरणीत उभ्याउभ्यान दिवस काढले. हय बसाक तरी गावता."

"नियम मी..." कमलताईंनी सुरुवात केली.

दारात आकांक्षा उभी होती. तिच्यामागे मॅटवर बसलेले सगळे मान वळवून बघत होते. "ताई, सहा वाजले. तुमचाच रूल ना, पाच मिनिटं आधी?" कोणीतरी हसलं. साधंच, सकाळचं हसणं.

कमलताई चपला काढून आत गेल्या.

"दार लावा गं, डास येतात," पुढच्या रांगेतून आवाज आला. दार लागलं.

त्या बसल्या. पाठ ताठ केली, डोळे मिटले. "घ्या. एक... दोन... तीन... चार. सोडा. एक... दोन... तीन... चार."

आणि त्या थांबल्या. छातीत श्वास राहिलेले पंचवीस जण पुढच्या आकड्याची वाट बघत राहिले.

"ताई, पाच-सहा राहिलं," आकांक्षा हळूच म्हणाली.

"चार. आज चारच."

कुजबुज झाली, विरली. कमलताई चारपर्यंत मोजत राहिल्या. दोन भिंतींपलीकडचा माणूस रडतोय की गप्प आहे हे सांगणारा त्यांचा कान दाराकडे लागला होता. शिट्टी येत नव्हती. घरघर येत नव्हती. दाराला कान लावल्यासारख्या त्या तासभर ऐकत होत्या आणि हॉलमध्ये, नियमात लिहिलं होतं तशी, शांतता होती.

वर्ग सुटल्यावर दार त्यांनीच उघडलं. पायरी रिकामी होती. लिफ्टच्या दारावर लाल नऊ दिसत होता.

चपला दाराशी ढीग होऊन पडल्या होत्या, एकीत एक अडकलेल्या. कमलताईंची एक पहिल्या पायरीवर होती, उलटी. दुसरी दिसत नव्हती. गुडघ्यावर हात टेकून त्या खाली बसल्या आणि ढिगातून एकेक जोडी वेगळी करू लागल्या.

"अय्या ताई, तुम्ही काय करताय? राहू दे ना," आकांक्षा आपले बूट उचलत म्हणाली. मग दोन पायऱ्या उतरून मागे वळली. "आणि उद्यापासून सहाच ना? म्हणजे ग्रुपवर टाकते तसं."

कमलताईंना दुसरी चप्पल सापडली. त्यांनी उलटी होती ती सुलटी केली, दोन्ही जवळ आणल्या आणि पहिल्या पायरीवर नीट मांडल्या, तोंड बाहेरच्या बाजूला.