वळणावर तापणारं चाक

"भीमण्णा, जळका वास येतोय. थांबव की जरा."

उसाच्या मोळ्यांवरून सिद्धम्मानं मारलेली ती हाक तीन हंगाम उलटले तरी भीमाशंकरच्या कानातून गेली नव्हती. त्या दिवशी माकणीच्या वळणावर टायर फुटलं, ट्रॉली उलटली, सिद्धम्मा उसाखाली गेली. हाकेचं मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही.

आज त्याच वळणावर जत्रेगत गर्दी होती. सिद्धम्मा हडळ होऊन चाकात शिरते, असं गुंडप्पा भगतानं उठवलं होतं. ट्रॅक्टर थांबला की तो चाकाचाकावर तळवा फिरवी आणि एकापाशी किंचाळे, "ज्वर! बाई इथं बसलीय!"

लोक हात लावून बघत. खरंच की! बाकीची चाकं कोमट, ते एक तव्यागत. मग भंडारा, लिंबू आणि लांबलचक गाणं:

"चाकात शिरली, अडून बसली,
लिंबू दावताच गालात हसली..."

गाणं सरेस्तोवर चाक निवलेलं असे. "उतरली!" लोक चाकाला डोकं टेकवत. टायरमधली हवा कुणी बघत नसे.

आज भीमाशंकरच्या ट्रॉलीचं मागचं डावं चाक भगतानं धरलं. तेवढ्यात सिद्धम्माची लेक पुढं आली. शिवप्रिया. आयटीआयला ट्रॅक्टर दुरुस्ती शिकलेली. 'हडळीची पोर' हे ऐकून ऐकून अबोल झालेली.

"भीमाकाका, सकाळी टायर गार असताना म्या हवा मोजली, न् तुमच्या खिशात चिठ्ठी घातली. वाचा."

त्यानं ती उलगडून वाचली. "मागचं डावं."

"पोरीच्या तोंडून तीच बोलतीय!" भगत ओरडला.

"मग तिला हवा भरू द्या की, महाराज," शिवप्रिया म्हणाली. "हवा कमी होती म्हणून तर निम्माच ऊस भरायला लावला, वर कुणाला बसू दिलं न्हाय."

चाक निवल्यावर तिनं भेगा-फुगे तपासले, गळका वॉल्व्ह बदलला, फाट्यावरच्या दुकानातून हवा भरून घेतली. तीच खेप पुन्हा मारली. भगत चाकांभोवती दोनदा फिरला. सगळी सारखीच कोमट.

"काय महाराज, बाई माहेरी गेली का?" कुणीतरी म्हणालं. हशा उसळला. शिवप्रिया हसली नाही.

"हवा कमी असली की टायर दर फेऱ्याला चेपतं, चेपून चेपून तापतं, शेवटी फुटतं. उभं केलं की आपसूक निवतं. लिंबाचं त्यात काय न्हाय. निघण्याआधी हवा मोजा, भेगा बघा. जळका वास आला तर थांबा. एवढं केलं असतं तर माझी आई..."



भीमाशंकर तिच्यापुढं आला.

"तुझी आई हडळ न्हाय, पोरी. तिला वास आला होता. 'थांबव' म्हणली होती. कारखान्यावर रांगेतला नंबर जाईल म्हणून म्याच थांबलो न्हाय."