अंगठ्याखालचं बेट

गेल्या वर्षापर्यंत वल्लरी वर्गात तोंड उघडायची ती फक्त हजेरीला. यंदा डिबेटमध्ये एकदा टाळ्या काय पडल्या, बाईसाहेब सुटल्याच! भूगोलाच्या मॅडमनी सहज विचारलं, आपल्या सिंगापूरचं क्षेत्रफळ कुणी स्वतः मोजून दाखवेल का? बाकीची मुलं फोनवर आकडा शोधेपर्यंत हिचा हात वर.

"मी दाखवते! आमच्या घरी यंत्र आहे. आणि शुक्रवारी माझे बाबा जहाजावरून येणारेत, ते इथे येऊन माझ्याबरोबर मोजतील."

ह्यातला शेवटचा भाग आपल्या हातात नाही, हे बोलण्याच्या भरात कुणाच्या लक्षात येतं?

बाबा, म्हणजे निशिकांत, एका टँकरवर सेकंड इंजिनिअर. दिवाळीनंतर तो घरी आलाच नव्हता. आता त्याचं जहाज इंजिनासाठी तेल भरायला घराजवळच्या ईस्ट कोस्ट किनाऱ्यासमोर थांबणार होतं. गुरुवारी संध्याकाळी लाँचनं किनाऱ्यावर यायचं, शुक्रवारी सकाळी शाळेत, दुपारी परत जहाजावर, असं सगळं ठरलं होतं.

यंत्राचं नाव प्लॅनिमीटर. सांध्यानं जोडलेले दोन पितळी हात, एका टोकाला सुई, मध्ये आकडे कोरलेलं इवलंसं चाक. नकाशाच्या कडेवरून सुई फिरवत निघाल्या जागी परत यायचं, की आत किती जागा आहे ते चाकावर कळतं. दुसऱ्या हाताचं टोक मात्र कागदावर घट्ट रोवलेलं हवं. त्यावर बसणारं वजन कधीच हरवलं होतं, म्हणून बाबा तिथे अंगठा दाबून धरायचा आणि वल्लरी सुई फिरवायची. लहानपणी दोघांनी पोळीचं क्षेत्रफळ काढलं होतं, आईच्या चपलेचंसुद्धा. एकटीनं करायला गेलं की सुईकडे बघताबघता अंगठा सैल पडायचा आणि सगळं मुसळ केरात!

गुरुवारी दुपारी तिनं सराव म्हणून कपाटातून समुद्राचा एक जुना चार्ट काढला आणि टेबलावर पसरला. आई, म्हणजे नीता, स्वयंपाकघरात कोलंबीची खिचडी करत होती. तिला ओढून आणून अंगठा धरायला बसवलं. सगळी फेरी झाली. आकडा आला पाचशे ऐंशी चौरस किलोमीटरच्या आसपास.

"आई, तुझा अंगठा हलला! सातशे पस्तीसच्या जवळपास यायला हवं."

"माझा? दिवसभर नोव्हेनाच्या हॉस्पिटलात पेशंटच्या हातात सुया टोचते मी. माझा अंगठा हलत नसतो हं. तुझंच काहीतरी चुकलं असेल."

तेवढ्यात बाबाचा व्हिडिओ कॉल आला. घामेजलेला चेहरा, कानामागे अडकवलेली पेन्सिल.

"वलू, अगं, तेल घेऊन येणारी बार्ज आत्ता आलीये. उशीर झाला."

"मग तू किती वाजता येतोस?"

"तेल चढत असताना मला जहाज सोडता येत नाही गं. आणि भरून झालं की लगेच निघायचा हुकूम आहे."

"थर्ड इंजिनिअरला सांग ना बाबा! कॅप्टनशी मी बोलते, दे!"

"बोलशीलही तू," बाबा हसला. "पण नाही जमणार, राजा."

आईनं गॅस बंद केला. मग बाबानंच विचारलं, "मोजलंस का? किती आलं?"

वल्लरीनं आकडा सांगितला. मग फोन कागदावर फिरवला. बाबा आधी बघत राहिला आणि मग खो-खो हसत सुटला.

"अगं, हा मनोहरकाकांचा चार्ट! त्यांनी जहाजावरची नोकरी सोडली तेव्हा पुस्तकांना कव्हरं घालायला गठ्ठा दिला होता. साठ वर्षांपूर्वीचा असेल. समुद्रात भर घालून वाढवलेली जमीन ह्यात कुठून येणार? आपला ब्लॉक शोध बघू."

वल्लरीनं बोट फिरवलं. जिथे त्यांची मरीन परेडची वस्ती हवी, तिथे किनारा संपून गेला होता. पलीकडे पाण्यात नुसता दोनचा आकडा.

"दोन म्हणजे?"

"दोन वाव. बारा फूट पाणी. म्हणजे तुम्हीही समुद्रातच राहता की! मग मी काय फार लांब नाही."

आई हसली. वल्लरीला हसू येईना. ती फोन घेऊन खिडकीशी गेली. समोर जहाजंच जहाजं. तिनं लाल टॉवेल काढून जोरजोरात हलवला. "बाबा, दिसतेय का मी? आठवा मजला!"

"हो हो, दिसतेय! लाल ना?"

लाल हे त्याला फोनमध्येही दिसत होतं. त्याच्या पाठीमागे फक्त पाइप होते, खिडकी नव्हती. वल्लरीनं ते पाहिलं, आणि तरीही टॉवेल हलवत राहिली.

कॉल संपल्यावर ती तडक खालच्या दुकानात गेली आणि नवा नकाशा मोठा करून छापून आणला. रात्री जेवणं उरकल्यावर आईनं अंगठा रोवला. वल्लरीनं ईस्ट कोस्टला, आपल्या घराशी सुई टेकवली आणि फेरी सुरू केली. चांगी, पुंगोल, वूडलँड्स. सुई तुआसच्या टोकाला, घरापासून अगदी लांब पोचली, तेव्हा फोन वाजला. आईनं मान तिरकी करून वाचलं, "निघालो म्हणतोय."

खिडकी चार पावलांवर. पण सुई उचलली की पुन्हा पहिल्यापासून.

"जा, बघून ये," आई म्हणाली. "मी धरते."

"तू धरून काय होणार? सुई माझ्याकडेय."

ती उठली नाही. तुआसची ती भलीमोठी चौकोनी बंदरं, त्यांचे कोपरे संपता संपेनात. डोळ्यांत पाणी आलं तर रेघ दिसणार नाही म्हणून ती डोळे मोठे करून बघत राहिली. शेवटी सुई घराशी परत आली. छोटी बेटंही झाली. एकूण सातशे एकतीस.

"बघ, आलं की नाही!" आई म्हणाली.

वल्लरी खिडकीशी धावली. जहाजं तेवढीच वाटत होती. कुठलं नव्हतं, ते सांगता येईना.

"आई, उद्या सकाळी येशील वर्गात?"

"उद्या मॉर्निंग शिफ्ट आहे गं माझी. बदली मागून बघू?"

"नको." वल्लरी चाक पुसत बसली. "वर्गात मी बाबा येणार म्हणून सांगितलंय."