तेंदूपानांची नारबोद

सन चोपन्नच्या पोळ्याला मी गावाची नारबोद करायला घेतली, तेव्हा फुलवंताला जाऊन तीन वर्षं झाली होती. जाऊन म्हणजे मरून नव्हे. माझी बायको चांगली धडधाकट होती, आमगावच्या टेकचंदशी पाट लावून नांदत होती, आणि दवनीवाड्यात जो भेटेल तो मला हे आठवणीने सांगायचा. लोकांना दुसऱ्याच्या घरची बातमी त्यालाच सांगायची भारी हौस.

घरात मी एकटा. भात सकाळी रांधायचा, तोच संध्याकाळी खायचा. मला तिची फार आठवण यायची. हे मी कुणाला कळू दिलं नाही, कारण सोडून गेलेल्या बाईसाठी झुरणाऱ्या पुरुषाला आमच्याकडे जन्मभर चिडवतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली सगळी रोगराई, इडापिडा एका बाईच्या पुतळ्यावर घालायची आणि ओरडत, शिव्या देत तिला शिवेबाहेर नेऊन जाळायचं. ती नारबोद. बाकीची गावं पळसाच्या फांद्या बांधून काम उरकतात. आमच्या गावाला मी मिळालो होतो, म्हणून त्यांना हातापायांची, नाकाडोळ्यांची बाई लागायची. आणि एकदा केलेली नारबोद गावात ठेवायची नाही, ठेवली तर इडापिडा त्याच घरात मुक्काम करते. त्यामुळे बारा वर्षांत मी बारा बाया केल्या आणि बाराही जळाल्या. पुढे पुढे मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

उन्हाळ्यात मी तेंदूपत्त्याच्या फळीवर, बिडीची पानं गोळा होतात तिथे, कामाला जायचो. फाटकी पानं ठेकेदाराचा माणूस फेकून द्यायचा, ती मी पोत्यात भरून आणायचो. भाताच्या तणसाचा सांगाडा बांधायचा, त्यावर ओली पानं चिंचोक्याच्या खळीत बुडवून थरावर थर बसवायचे आणि शेवटी पातळ लाखेचा हात द्यायचा. सुकल्यावर पानाच्या शिरा वर येतात, रंग तांबूस होतो, हात लावावा तर माणसाची कातडी. हे मी कुणाकडून शिकलो नव्हतो. असं काम दुसरं कुणी करत असेल असंही मला वाटत नाही. गावात याला रिकामे धंदे म्हणत.

"औंदा भेसूर कर गा बकाराम," दुधराम पाटलाने बजावलं होतं. "मांगच्या साली पोट्टे भ्यालेच नाई."

भेसूरच करायची होती. पोळ्याच्या दिवशी सगळं गाव बैल सजवून तोरणाखाली गेलं. मला बैल नव्हते, मी घरात चेहऱ्याला बसलो. कपाळाला कुठलं पान, गालाला कुठलं, ओठाला लाख किती, एवढंच डोक्यात होतं. हात आपसूक चालत होते. भुवईत एका जागी पान तुटलं तर ते मी तसंच राहू दिलं, खालचा ओठ जरा आत घेतला. लाखेचा हात देऊन मागे सरून पाहिलं, तर फुलवंता माझ्याकडे बघत होती.

लहानपणी उखळावर पडून तिची डावी भुवई फाटली होती, तो वणसुद्धा जिथल्या तिथे होता. मोडायला हात उचलला आणि खाली घेतला. माझ्या हातून इतकं चांगलं काही कधी झालं नव्हतं, पुढे होणारही नव्हतं. पण ठेवायची कुठे? गाव सकाळी दारात येणार होतं. एक चेहरा मला वाचवायचा होता, आणि त्यालाच उद्या शिव्या घालत न्यायचं होतं. भरीस भर म्हणजे फुलवंता पोळ्यासाठी गावातच आली होती, तिच्या भावाकडे, खेमराजकडे.

शेवटी मी चेहऱ्यावर काजळ फासलं, भोपळ्याच्या बियांचे दात लावले. नारबोदीच्या तोंडाकडे कोण बघतं, अशी मनाची समजूत घातली. तीही नाही ओळखणार, असं ठरवून टाकलं. पण लाखेवर काजळ धरत नाही. बारा वर्षं लाख वितळवणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं.

सकाळी भुरभुर पाऊस होता. "घेऊन जा री नारबोद" करत मिरवणूक निघाली. मी मागे मागे चालत होतो. शिवेवर पोचेपर्यंत दात गळून पडले होते आणि काजळ ओघळून गेलं होतं. पुतळा उभा केला आणि सगळ्यांत आधी बोलली ती खेमराजची बायको, नंदाबाई.

"अवो, हे तं आमची फुलवंता व्हय."

सगळ्यांना हसू फुटलं. बाया ओळखून एकमेकींना दाखवू लागल्या. फुलवंता त्यांच्या मागे उभी होती. सगळ्यांनी वळून आधी पुतळा पाहिला, मग तिला पाहिलं.

दुधराम पाटलाने माझ्या पाठीवर थाप मारली. "वा गा. तीन साल मुका राह्यला, पन बदला घेतला तं असा."

खेमराज गर्दीतून पुढे आला आणि त्याने माझी गचांडी धरली. "खरं सांग बकाराम. मुद्दाम केली का?"

नाही म्हणायचं होतं. हातातून आली, मी विसरलो नाही तिला, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण सगळं गाव तोंडाकडे बघत होतं. झुरणारा नवरा म्हणून हसं करून घेण्यापेक्षा बदला घेणारा गडी बरा, असं त्या क्षणी वाटलं.

"व्हय," मी म्हणालो. "मुद्दाम केली."

गावाने पहिल्यांदा माझ्या कामाची तारीफ केली ती तेव्हा. खेमराजने माझी गचांडी सोडली आणि तो तडक निघून गेला. कुणीतरी चूड लावली. लाख झटकन पेटते, चेहरा आधी गेला. पोरं नारबोदीच्या जागी फुलवंताचं नाव घालून ओरडू लागली, आणि लोक बघत होते म्हणून मीही ओरडलो.

सगळे आंघोळीला परतल्यावर मी राखेपाशी थांबलो. फुलवंता गेली नव्हती. ती जवळ आली, पण माझ्याकडे न बघता राखेकडेच बघत राहिली.

"भुवईवरचा वन बी केलता तुमी," ती म्हणाली. "टेकचंदले तो अजून दिसला नाई."

मी काठीने राख सारू लागलो.

"तुमच्या घरी होती तवा मले वाटे, हा मानूस पानं पाहते, तनीस पाहते, माह्याकडं कई पाहतच नाई. म्हनून गेली मी."

"मुद्दाम नव्हती केली," मी म्हणालो.

"मले समजते. मुद्दाम केली असती तं अशी नसती बनली." मग तिने मान वर केली. "मंग लोकाइसमोर व्हय काऊन म्हनलं?"

"लोक मले हासले असते."

"आता मले हासतीन," ती म्हणाली.

ती भावाच्या घराकडे वळली नाही. तिचं गाठोडं तिथेच होतं, तरी शिवेपासूनच ती गोंदियाच्या सडकेला लागली. दवनीवाड्यात ती पुन्हा कधी आली नाही, पोळ्यालाही नाही आणि भावाच्या पोरीच्या लग्नालाही नाही.