डावं चाक

वालूरच्या दत्तरावाची पांढरी अंबॅसिडर इकायची हाय, हे मुंजाजीच्या कानावर आलं तवा तो पेडगावात कुणाच्या तरी लग्नाचा मंडप सोडायला व्हता. हातातली दोरी त्यानं तशीच धरून ठेवली.

"कोणता दत्तराव? बन्सीधरचा बाप?"

"व्हय, तोच. जीप घ्यायलाय म्हणं. एका शेडात दोन गाड्या मावत न्हाईत, तवा हिला आधी खपवायची हाय."

मुंजाजीनं दोरी सोडली आन् हसला. पण ते हसू काही चांगलं न्हवतं.

त्याचा धंदाच मंडपाचा. कनाती, सतरंज्या, भोंगे, गॅसबत्त्या. तिकडं जिंतूर, इकडं सेलू, लगीन कुणाचंबी असू, खांब मुंजाजीचा. आता त्या शहाऐंशी साली नवीनच टूम निघाली व्हती. नवरदेव घोड्यावर बसायला राजी न्हाईत, मोटार पायजे, तीबी पांढरी, वरून झेंडूच्या माळा सोडलेली. गिऱ्हाईक मंडप सांगायला आलं की पहिलं इचारायचं, "मुंजाजीभाऊ, गाडी हाय का?" न्हाई म्हणलं की उठून दुसऱ्याकडं जायचं. म्हणजे गाडी त्याला खरंच पायजे व्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं त्याचीच पंचाईत झाली.

आता हसला कामून, ते ऐका.

मुंजाजीला पोरगी एकच, सरजा. मागल्याच्या मागच्या उन्हाळ्यात दत्तरावाच्या घरचे लोक बन्सीधरसाठी तिला पाहायला आले व्हते. ह्याच गाडीत, एकमेकाच्या मांडीवर बसून. सरजाला पाटावर बसवलं. नाव सांग, मामाचं गाव सांग, ते झालं. मंग दत्तरावाची बायको लक्ष्मीबाई उठली, अंगठ्याला थुंकी लावली आन् पोरीच्या गालावरून घासला. "रंग खरा हाय का पावडर, पाहिलेलं बरं असतं माय." मंग म्हणली, चालून दाखव. पुन्हा चाल. आता उलटी फिर. लुगडं घोट्याच्या वर घे, पाऊल दिसू दे. अंगण भरून माणसं, आन् पोरगी मुकाट्यानं चालायलीय. पोहे खाल्ले, चहा पिला, "कळवतो" म्हणून गाडीत बसून गेले.

कळवलं काहीच न्हाई. त्यायला परभणीची दांडगी सोयरीक सापडली व्हती. तेवढंच सांगितलं असतं तर कुणाच्या पोटात दुखलं असतं? पण पेडगावची पोरगी कामून सोडली, असं लोक इचारायला लागले, तवा लक्ष्मीबाई म्हणली, "चांगली हाय वो, पण डाव्या पायानं लंगडती जरा."

डोक्यावर घागरीवर घागर ठेवून ओढ्याचा चढ चढणारी पोरगी! पण बोलणं गेलं गावोगाव. चारठाण्याचे पाव्हणे यायचे व्हते, ते आलेच न्हाईत. दुसरे आले ते तोंडाकडं पाहायच्या ऐवजी तिच्या पायाकडंच पाहत बसले. साऱ्या मुलुखाच्या दारात मंडप घालणाऱ्या माणसाच्या सोताच्या दारात खांब रोवायची येळ येईना. ही आग मुंजाजीच्या छातीत तवापासून धुमसायली व्हती. आता तिला हवा मिळाली.

घरी येऊन त्यानं हुकूम सोडला. "वालूरला जायचं. गाडी पाहायला. समद्यायनं."

त्याची बायको कमलबाई म्हणली, "गाडी पाहायला बायका कशाला वो?"

"ते आले तवा बायका न्हवत्या का?"

कमलबाई ध्यान देऊन त्याच्या तोंडाकडं पाहायली. मंग ठेवणीतलं लुगडं काढायला गेली. तिचा भाऊ लिंबाजी यष्टीत डायवर, त्याला निरोप धाडला. चुलत्या, मावश्या, शेजारच्या म्हाताऱ्या, समद्या टेम्पोत कनातीच्या गठ्ठ्यावर बसल्या. सरजाला कुणी चल म्हणलं न्हाई. ती आपली आपण आली. अंगावर तेच पोपटी लुगडं, पाहायला आले त्या दिवसाचं.

वालूरला टेम्पो दारात थांबला आन् त्यातून माणसं उतरता उतरंनात, तसा दत्तराव ओट्यावरून उठला. "या, या. एवढे लोक?"

"घरात नवीन येणार म्हणल्यावर समद्यायनं पाहाया नगं का?" मुंजाजी म्हणला. "आमी पेडगावचे."

"पेडगाव..." दत्तरावानं डोकं खाजवलं. "आलो व्हतो वाटतं एकदा. कशाला आलो व्हतो, ध्यानात न्हाई."

मुंजाजीनं दात आवळले. त्यायनं इतक्या पोरी पाह्यल्या व्हत्या की ध्यानात कुठून राहणार! मनात म्हणला, आज ध्यानात राहील असंच पाहतो.

गाडी अंगणात कडुलिंबाच्या सावलीला उभी, धुऊन पुसून, समोर उदबत्तीसुद्धा लावलेली. मुंजाजी पुढं जाऊन हात मागं बांधून उभा राह्यला. "पूर्ण नाव सांगा हिचं."

"आं?"

"नाव, साल, गाव. पहिल्यांदाच द्यायलेत, का आधी कुठं नांदून आलीय?"

भिंतीवरून पाहणारं एक जण फिस्सकन हसलं. दत्तरावाला वाटलं मंडपवाला गमत्या हाय. तोबी हसला. "पहिलाच हात हाय. माझ्याच नावावर घेतलेली."

मुंजाजीनं अंगठ्याला थुंकी लावली आन् गाडीच्या गालावरून, म्हणजे पुढच्या पत्र्यावरून, घसाघसा घासला. अंगठा उजेडात धरून समद्यायला दाखवला. "रंग तर खरा दिसायलाय. पण आतमधी काय भरलंय, कुणाला ठावं?" खिशातून त्यानं फुटक्या भोंग्यातलं लोहचुंबक काढलं आन् दारावरून फिरवायला लागला. जिथं गाडी ठोकून पुट्टी भरलेली असती तिथं चुंबक धरत न्हाई. हे टकाटका धरायलं. सारी गाडी फिरला, एका जागीबी सुटलं न्हाई.

तिकडं लिंबाजी त्याच्या कामाला लागला व्हता. बानेटावर तळहात ठेवून पाह्यला, गार. म्हणजे आधी तापवून ठेवलेली न्हाई. ऑइलची पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून पाह्यली. सायलेन्सरमधी बोट घातलं, कोरडी राख लागली, तेलकटपणा न्हाई. खालची चटई उचलून पत्रा ठोकला. मंग जॅक लावून पुढची चाकं उचलली आन् दोन्ही हातानं गदागदा हलवली. डावं हलवलं, उजवं हलवलं. खुट्ट न्हाई.

"आता चालवून दाखवा," मुंजाजी म्हणला.

दत्तरावानं पोराला हाक मारली. बन्सीधर बाहेर आला, गाडीत बसला.

"दारापर्यंत न्या. हां. आता उलटी आणा. पुन्हा न्या. हळू, लाजू नका. आता फिरा."

आता भिंतीवर माणसं मावनात. कुणीतरी ओरडलं, "मुंजाजीभाऊ, स्वयपाक येतो का इचारा!" सारं अंगण हसलं. बन्सीधरचं तोंड लाल झालं. लक्ष्मीबाई पोह्याचं ताट घेऊन दारात आली व्हती, ती ताटासकट तिथंच थांबली. काहीतरी तिच्या ध्यानात यायलं व्हतं, पण धड येत न्हवतं.

लिंबाजी गाडी घेऊन सेलूच्या सडकंला गेला, मुंजाजी शेजारी. सडक मोकळी लागली तसे लिंबाजीनं दोन्ही हात स्टेरिंगवरून उचलले. गाडी ओळंब्यासारखी सरळ. इकडं न्हाई, तिकडं न्हाई. ब्रेक मारला, जागेवर. लिंबाजीचा आवाज बारीक झाला. "दाजी, थट्टा झाली तेवढी बास. असली गाडी पुन्हा मिळायची न्हाई. सोनं हाय."

मुंजाजीनं शिटावर हात फिरवला. डोळ्यापुढं माळा आल्या, नवरदेव आले, गाडी हाय का म्हणणारे आले. पोटात एक भूक उठली, आन् तिची त्याला लाज वाटली. पण उठली हे खरं.

परत आले तर दत्तराव तयारच. गाव हसायलंय, हे लवकर मिटलेलं बरं, असं त्याला झालं व्हतं. "सांगितलेल्या भावात आनखी सोडतो. पण आजच्या आज घेऊन जा. नारळ फोडू."

आता मुंजाजीनं "कळवतो" म्हणायचं व्हतं. दोन वर्सं जिभेवर घोळवलेला शब्द. पण जीभ उचलंना. त्यानं दत्तरावाकडं पाह्यलं, गाडीकडं पाह्यलं. लिंबाजी मागून म्हणायलाय, "व्हय म्हणा दाजी." कमलबाईनं मान खाली घातली. तिला नवऱ्याचं तोंड वाचता यायचं. एक जण तर नारळ घेऊनबी आला.

तवा सरजा ओट्यावरून उठली.

अंगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत आली. घाई न्हाई, काही न्हाई. लुगडं हातानं घोट्याच्या वर धरलेलं. लोक आपोआप बाजूला झाले. गाडीला एक चक्कर मारली, पुढं डाव्या चाकापाशी खाली बसली आन् त्याच्यावर हात ठेवला.

लक्ष्मीबाईच्या हातातलं ताट खाली गेलं. "अगं माय! तू पेडगावची ती..."

"ओळखलं का मावशी? मला वाटलं तोंडावरून न्हाई ओळखणार. पायावरून ओळखलं असंल." सरजा उभी राह्यली. "बाकी समदं चांगलं हाय बाबा. पण ही डाव्या चाकानं लंगडती जरा."

"कोण म्हणतं?" दत्तराव ओरडला. "तुमच्याच डायवरनं चालवली न्हवं? सांगा वो डायवर!"

साऱ्यायनं लिंबाजीकडं पाह्यलं. लिंबाजीनं जन्मात गाडीबद्दल खोटं सांगितलं न्हवतं. त्यानं भाचीकडं पाह्यलं, मंग वर लिंबाच्या झाडाकडं. "चाकाचं मी काय सांगू. पोरीला दिसलं असंल."

"काय दिसलं? दोष असंल तर दाखव की!"

"कशाला दाखवायचा?" सरजा म्हणली. "माझा कुणी दाखवला व्हता?"

भिंतीवरचे लोक लक्ष्मीबाईकडं पाहायला लागले. गाडीपाशी उभा असलेला बन्सीधर घरात गेला, त्यानं दारबी लावून घेतलं. मुंजाजीची जीभ आता सुटली. त्यानं डोक्यावरचं पागोटं नीट केलं, दत्तरावाला हात जोडले. "पोहे ऱ्हाऊ द्या. आमी कळवतो."

टेम्पो वालूरच्या बाहेर पडला. मंग लिंबाजीच्यानं राहवलं न्हाई. "सरजे, गाडी लय चांगली व्हती गं."

"मी बी चांगलीच व्हते की मामा."

त्या उन्हाळ्यात मुंजाजीचे लय मंडप दुसऱ्यानं नेले, कारण गाडी न्हवती. पण तो ज्या गावात खांब रोवायला जायचा, तिथं लोक इचारायचे, वालूरची गाडी पाहायला गेला व्हता म्हणं, काय झालं? तो एवढंच म्हणायचा, "चांगली हाय वो. पण पोरीला पसंत पडली न्हाई." पुढचं लोकच बोलायचे. दत्तरावाकडं गिऱ्हाईक आलं की वाकून पहिलं डावं चाक पाहायचं. जीप आली, ती बाहेर उन्हात उभी राह्यली, कारण शेडातली गाडी काही हलंना.

पाऊसकाळ संपताना चारठाण्याचा एक जण मुंजाजीच्या दारात आला. गाडी घ्यायचं त्याच्या मनात व्हतं. मुंजाजी घरी न्हवता. सरजा अंगणात ज्वारी पाखडायली व्हती.

"बाई, ती वालूरची गाडी तुमी पाह्यली व्हती म्हणं. खरंच चाकात दोष हाय का?"

सरजानं सूप थांबवलं. चारठाण्याचा, हे तिनं ऐकलं व्हतं. "तुमी चालवून पाह्यली का?"

"न्हाई. लोकायकडून ऐकलं."

"मंग ऐकलं तेच खरं धरा," ती म्हणली. "तुमच्या गावात तशीच रीत हाय."

सूप खाली ठेवून ती उठली आन् त्याला पाणी आणायला माजघराकडं सरळ चालत गेली. पाव्हणा तिच्या पायाकडं पाहत राह्यला. पाणी पिला आन् पेडगावातनंच परत फिरला. वालूरला गेलाच न्हाई.